वेणीच्या तीन पेडांतून निरोप: शब्दांविना अर्थ पोचवणारी पाच मिनिटांची नृत्यरचना कशी बांधावी

भरतनाट्यम किंवा कथक शिकलेली मुलगी समकालीन नृत्याच्या तालमीला आली की पहिल्याच आठवड्यात अडखळते, आणि तिचं अडखळणं अगदी रास्त असतं. पताक हस्त (बोटं जुळवून तळवा सरळ धरण्याची मुद्रा) कुठे वापरायचा हे 'अभिनयदर्पण' या जुन्या संस्कृत ग्रंथाने श्लोकात बांधून दिलं आहे: ढग, वन, रात्र, नदी, निषेध. जाणकार प्रेक्षकाला ते ओळखीचं असतं, शिवाय बाजूला बसलेला गायक शब्दही गात असतो. समकालीन नृत्यात असा तयार कोश नाही. इथे हात वर गेला तर त्याचा अर्थ काय, हे कुठेही लिहिलेलं नाही.

मग अर्थ येतो कुठून? रचना स्वतःचा कोश पहिल्या मिनिटात प्रेक्षकाला शिकवते. एक हालचाल दाखवते, पुन्हा दाखवते, प्रेक्षकाला तिची सवय लावते आणि मग तिच्यात काहीतरी बदलते. अर्थ त्या बदलात असतो. एकट्या हालचालीत तो फार थोडा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

उदाहरण म्हणून दोन नर्तकींची, साधारण पाच मिनिटांची एक रचना घेऊ. प्रसंग साधा: धाकटी बहीण शिकायला परगावी निघाली आहे, मोठी घरीच राहणार आहे.

विषय क्रियापदात आणा

'विरह', 'नातं', 'स्त्रीचं आयुष्य' हे विषय म्हणून छान वाटतात, पण शरीराला नाम करता येत नाही. 'विरह' करा म्हटलं की दहांपैकी नऊ जण छातीवर हात ठेवून वर बघतात. त्यामुळे कागदावर आधी क्रियापदं लिहा: आवरणं, धरणं, सोडणं, ओढणं, थोपवणं, मागे वळणं. दहा-बारा झाली की त्यांतली तीन ठेवा. आपल्या रचनेसाठी धरणं, ओढणं आणि सोडणं ही तीन पुरेत.

आता ही तिन्ही क्रियापदं ज्यात आपोआप घडतात अशी रोजची एखादी कृती शोधा. इथे ती आहे वेणी घालणं. मोठी मागे बसते, धाकटी पुढे. दोघी एकाच दिशेला बघतात, म्हणजे एकमेकींचा चेहरा कुणालाच दिसत नाही. प्रत्येक पेडाला डोकं किंचित मागे ओढलं जातं. शेवटी गाठ बसते आणि हात सुटतात. धरणं, ओढणं, सोडणं सगळं त्यात आलं, आणि काहीही समजावून सांगावं लागलं नाही. अशी कृती सापडायला दोन तालमी गेल्या तरी जाऊ द्या. चुकीची कृती निवडली की पुढे महिनाभर चेहऱ्याच्या हावभावांनी ठिगळं लावत बसावं लागतं.

जोडीला दोन छोट्या कृती घ्या: बॅगेची चेन ओढणं आणि दाराकडे बघणं. एकूण तीन. चौथी घेण्याचा मोह होतो, तो टाळा. पाच मिनिटांत प्रेक्षक तीनच हालचाली नीट ओळखू लागतो.

आधी खरी कृती, मग तिचं नृत्य

पहिल्या तालमीत खरोखर वेणी घाला. फोनवर चित्रीकरण करा आणि आवाज बंद करून बघा. हालचाल कुठून सुरू होते? बोटांतून, की कोपरातून? मोठीचा श्वास कधी थांबतो? बहुतेक वेळा गाठ मारताना थांबतो. धाकटीचं डोकं ओढलं जाण्याच्या आधीच मान ताठ होते का? ही निरीक्षणं लिहून ठेवा, कारण पुढे सगळं याच टिपणांतून काढायचं आहे.

मग फ्रेज, म्हणजे हालचालींची सलग ओळ, बांधा. उजवा पेड मधे, डावा पेड मधे, असं सहा वेळा, प्रत्येक पेडाला दोन काउंट (मोजणीचे ठोके): बारा काउंट झाले. चेन ओढायला सहा, दाराकडे मान वळवून परत यायला सहा. एकूण चोवीस. मिनिटाला साठ ठोक्यांची लय धरली की ही फ्रेज बरोबर चोवीस सेकंदांची होते. पाच मिनिटांत ती साडेबारा वेळा मावते. पण पूर्ण रूपात तीनचार वेळाच येऊ द्या. उरलेल्या वेळात तिचे तुकडे, तिची विकृत रूपं आणि तिची अनुपस्थिती येईल.

ही फ्रेज अजून मूकाभिनय आहे, आणि बहुतेक हौशी रचना इथेच थांबतात. मूकाभिनयात प्रेक्षक 'ही काय करते आहे' हे ओळखतो आणि ओळखलं की त्याचं काम संपतं. नृत्याला त्याच्या पुढे जायचं असतं. त्यासाठी कृतीतला बल ठेवून तिचं चित्र पुसून टाकायचं. वेणीतली 'मागे ओढलं जाणं' ही जाणीव ठेवा, केस काढून टाका. तोच ओढा आता कोपरातून आणा, मग कमरेतून, मग गुडघ्यातून. धाकटी पुढे चालते आहे आणि दर तिसऱ्या पावलाला कंबर मागे खेचली जाते, मोठी मात्र सहा फूट लांब नुसते हात हलवते आहे. प्रेक्षकाला वेणी आठवेल, पण आता ती केसांबद्दल राहिलेली नसेल.

अमेरिकन आधुनिक नृत्यकार मार्था ग्रॅहम यांची १९३० सालची 'लॅमेंटेशन' ही एकल रचना याचा सर्वांत स्वच्छ नमुना आहे. नर्तकी जवळजवळ पूर्ण वेळ बाकावर बसलेली असते, ताणल्या जाणाऱ्या जर्सी कापडाच्या नळीत गुंडाळलेली. ती रडत नाही, कुणासाठी शोक करते तेही कळत नाही. आतून कोपर, गुडघे, मूठ कापडाला ढकलत राहतात आणि कापडावर तिरप्या ताणाच्या रेषा उमटतात. शोक म्हणजे स्वतःच्याच कातडीतून बाहेर पडता न येणं, हे त्या रेषा सांगतात.

तालमीत एक काळजी घ्या. डोकं मागे ओढण्याची हालचाल नेहमी धाकटीने स्वतः सुरू करायची आणि मोठीच्या हातांनी तिच्यामागे जायचं. प्रेक्षकाला उलटं दिसतं, पण मानेला झटका बसत नाही. मोठीने खरंच केस ओढले तर दुसऱ्या दिवशी मान आखडते आणि भीतीने धाकटीचं शरीर आधीच ताठरतं. मग ओढा खोटा दिसायला लागतो.

तीच हालचाल, वेगळा भार

आता सर्वांत फलदायी सराव. हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांनी हालचालीचा पोत मोजण्यासाठी चार घटक मांडले: भार, वेळ, अवकाश आणि प्रवाह. नर्तकांबरोबरच त्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कारखान्यांतल्या कामगारांच्या हालचालीही अभ्यासल्या, म्हणून ही पद्धत रोजच्या कृतींवर इतकी नेमकी बसते. भार जड किंवा हलका, वेळ अचानक किंवा रेंगाळलेली, अवकाश थेट किंवा वळणावळणाचा: या तिघांच्या जुळणीतून आठ मूळ क्रिया मिळतात. दाबणं, ठोसणं, पिळणं, फटकारणं, सरकणं, टिपणं, झटकणं, तरंगणं. प्रवाह, म्हणजे हालचाल मोकळी वाहते की आवरून धरलेली आहे, हा या आठांवर चढणारा वेगळा थर.

मोठी धाकटीच्या खांद्यावर हात ठेवते, एवढीच हालचाल घ्या आणि आठही प्रकारांनी करून बघा. दाबत ठेवला तर 'बस इथेच'. टिपल्यासारखा ठेवला तर 'अगं ऐक'. तरंगत आला आणि खांद्याला जेमतेम टेकला तर मोठी घाबरली आहे. झटकल्यासारखा असेल तर धूळ झटकते आहे, किंवा जबाबदारी. हात तोच, खांदा तोच. समोर बसलेल्यांना प्रत्येक वेळी काय वाटलं ते एका शब्दात लिहायला सांगा. आठ चिठ्ठ्यांवर आठ वेगळे शब्द आले तर नर्तकीच्या शरीरात फरक आला आहे. पाच चिठ्ठ्यांवर 'प्रेम' लिहिलेलं असेल तर फरक फक्त तिच्या मनात आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे सगळं 'रेंगाळत, हलकं, मोकळं' करणं. त्याला सुंदर म्हणायची सवय लागली आहे. पाच मिनिटं नुसतं तरंगणं बघितलं की प्रेक्षकाला काहीच दिसेनासं होतं, कारण तुलनेला दुसरं काही मिळत नाही. आपल्या रचनेत सुरुवातीची वेणी 'सरकणं' ठेवा, मधली 'टिपणं', त्यानंतरची 'पिळणं'. पिळताना मोठीच्या पाठीचा कणा वळायला हवा, नुसती मनगटं नव्हेत. भार मनगटात राहिला की हालचाल नाटकी दिसते, ओटीपोटातून आला की खरी दिसते. ग्रॅहम यांच्या तंत्रात श्वास सोडताना धड आत आकसतं आणि श्वास घेताना मोकळं होतं, तो सराव याचसाठी रोज दहा मिनिटं करावा.

नजर

नजरेवर जितकं काम व्हायला हवं तितकं होत नाही. नर्तकी आरशासमोर शिकते, त्यामुळे तिची नजर नकळत समोरच्या आरशात अडकलेली असते आणि प्रयोगात ती प्रेक्षकांच्या डोक्यावरून कुठेतरी शून्यात जाते. निदान निम्म्या तालमी आरशाकडे पाठ करून करा.

फ्रेजच्या चोवीसही काउंटना नजर कुठे आहे ते ठरवून घ्या: स्वतःच्या हाताकडे, दुसरीकडे, दाराकडे, की कुठेच नाही. दार रंगमंचाच्या एका नेमक्या विंगेत ठरवा आणि दोघींसाठी ते तेच असू द्या. एकीचं दार दोन फूट इकडे सरकलं तरी प्रेक्षकाच्या लेखी ते नाहीसं होतं. आणि एक निर्णय सुरुवातीलाच घ्या: या दोघी एकमेकींकडे थेट कधी बघणार? आमच्या मते पाच मिनिटांत एकदाच, चौथ्या मिनिटाच्या आसपास, तीन पूर्ण काउंट. त्याआधी एकदा जरी नजरानजर झाली तरी त्या क्षणाची किंमत जाते.

अंतर आणि जागा

तालमीच्या खोलीत मास्किंग टेपने वीस फूट बाय वीस फुटांचा चौकोन आखा. दोघींमधलं अंतर तीन टप्प्यांत धरा: अंगाला अंग, हाताच्या अंतरावर, आणि चौकोनाच्या दोन टोकांना. प्रत्येक टप्प्याला काळ द्या. जवळ आल्या, लगेच लांब गेल्या, पुन्हा जवळ आल्या असं होत राहिलं तर अंतराचा अर्थच उरत नाही.

आपल्या रचनेत पहिलं सव्वा मिनिट दोघी अंगाला अंग लावूनच राहतात. पहिल्यांदा एक हात अंतर पडतं तेव्हा ते प्रेक्षकाच्या पोटात जाणवलं पाहिजे. पाठीला पाठ लावून एकमेकींवर भार टाकण्याचा भाग घेणार असाल (नृत्यकार स्टीव्ह पॅक्स्टन यांनी १९७२ पासून रुजवलेल्या संपर्क-इम्प्रोव्हायझेशनचा, म्हणजे स्पर्श आणि भार यांतून उत्स्फूर्त नाचण्याच्या पद्धतीचा, हा पाया) तर पाय कमरेइतके रुंद, गुडघे सैल, टाचा जमिनीवर. भार दोघींनी सारखा द्यायचा. मग मोठी तसूभर मागे सरकते आणि धाकटीला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. ही एक हालचाल 'आता तुझं तू' हे वाक्य बोलते. ती खरी दिसायची तर भार खरंच दिलेला असावा लागतो. नुसत्या टेकलेल्या पाठीतून काही निसटत नाही.

सिमेंटवर बसवलेल्या फरशीवर हा भाग, उड्या आणि जमिनीवर पडणं टाळा. लाकडी लवचिक फरशी नसेल तर सगळं चालण्यात आणि बसण्यात बांधा, रचनेचं काही बिघडत नाही. सतरंजी मात्र घालू नका, ती सरकते.

पुनरावृत्ती, आणि मग मोड

जर्मन नृत्यकार पिना बाउश यांच्या 'कॅफे म्युलर' (१९७८) मधला एक भाग प्रत्येकाने अभ्यासावा. एक स्त्री आणि एक पुरुष मिठी मारून उभे असतात. तिसरा माणूस येऊन त्यांचे हात सोडवतो, ओठांवर ओठ टेकवतो, स्त्रीला पुरुषाच्या हातांवर आडवी ठेवतो. पुरुष तिला धरत नाही, ती खाली पडते, उठते, पुन्हा मिठी मारते. तिसरा माणूस परत येतो, सगळं परत करतो. वेग वाढत जातो. शेवटी तो माणूस निघून जातो आणि ते दोघं तेच सगळं स्वतःहून, त्याच क्रमाने करत राहतात. पहिल्यांदा हसू येतं, चौथ्यांदा अस्वस्थ वाटतं, आणि माणूस गेल्यानंतर अंगावर काटा येतो. हालचाली एकाही जागी बदललेल्या नाहीत. बदलला तो वेग, आणि त्या कोण घडवतं आहे हे.

म्हणजे पुनरावृत्तीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वेग बदलला तर दिशा तीच ठेवा, जागा बदलली तर वेग तोच. दोन्ही एकदम बदललं तर प्रेक्षकाला ती नवीनच हालचाल वाटते आणि जुळवलेला धागा तुटतो. नृत्यकार ट्रिशा ब्राउन यांच्या १९७१ च्या 'अॅक्युम्युलेशन'ची रीतही वापरून बघा: पहिली हालचाल, मग पहिली-दुसरी, मग पहिली-दुसरी-तिसरी. उलट क्रमाने केली तर हालचाली एकेक करून गळत जातात, आणि निरोपाच्या रचनेला हे गळणं फार उपयोगी पडतं.

आपली रचना साधारण अशी बसेल. पहिल्या पन्नास सेकंदांत पूर्ण फ्रेज दोनदा, काहीही न बदलता. पुढे दोन मिनिटांपर्यंत अंतर पडत जातं आणि ओढा कोपरात, कमरेत उतरतो. दोन ते सव्वातीन मिनिटांत भार वाढतो, वेणी 'पिळणं' होते, चेन ओढण्याची हालचाल धाकटी इतक्या वेगाने करते की ती झटकल्यासारखी दिसते. मग पंधरा सेकंद पूर्ण स्तब्धता. हो, पंधरा. नर्तकींना ते मिनिटभर वाटतं आणि त्या सातव्या सेकंदाला हलतात, म्हणून मनात पंधरा श्वास नव्हे, पंधरा ठोके मोजायला शिकवा. त्यानंतर ती एकदाच होणारी नजरानजर. शेवटी धाकटी चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला बसून स्वतःच वेणीच्या हालचाली करते, पण हात डोक्यामागे जाऊनही डोकं मागे ओढलं जात नाही. मोठी तिच्या जुन्या जागी आहे आणि तिचे हात रिकामे आहेत. त्या न ओढल्या जाण्यात सगळा निरोप आहे. तो दिसायचा तर आधीचा ओढा प्रेक्षकाने निदान वीस वेळा पाहिलेला असायला हवा.

संगीत शेवटी आणा

रचना आधी संगीताशिवाय उभी करा. गाणं लावून बसवली की गाण्याचे शब्द अर्थाचा ताबा घेतात आणि शरीर त्यांचं चित्र काढत बसतं. नृत्यकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी नृत्य आणि संगीत एकमेकांपासून वेगळं रचलं, दोन्ही फक्त एकाच वेळी घडायचं. तितकं टोकाला जायची गरज नाही, पण त्यांची चाचणी उसनी घ्या: तयार रचना तीन अगदी वेगळ्या ध्वनींवर चालवा. एकदा तानपुरा, एकदा रेल्वे स्थानकाचा गलका, एकदा पूर्ण शांतता. शांततेत ती टिकत नसेल तर दोष रचनेत आहे.

गायन हवंच असेल तर आलाप घ्या. नृत्यकार चंद्रलेखा यांच्या 'शरीर' (२००१) या रचनेला गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदाची साथ होती. ध्रुपदाच्या आलापात कथा सांगणारे शब्द नसतात, त्यामुळे संथ शरीराला स्वतःचं म्हणणं मांडायला जागा राहते. आणि आवाजावर किती कमी अवलंबून राहता येतं हे पाहायचं तर नर्तक अस्ताद देबू (१९४७–२०२०) यांनी कर्णबधिर कलावंतांबरोबर वर्षानुवर्षं केलेलं काम आठवावं. तिथे काउंट ऐकायचा नसतो, दुसऱ्याच्या शरीरात बघायचा असतो. तुमच्या दोघींनाही निदान एक तालीम कानात कापसाचे बोळे घालून करू द्या. कोण कुणावर अवलंबून आहे ते लगेच उघडं पडतं.

कपडे, वस्तू, प्रकाश

वस्तू एकच ठेवा, आणि तिचे निदान तीन उपयोग होऊ द्या. नृत्यकार अॅल्विन एली यांच्या 'क्राय' (१९७१) मध्ये लांब पांढरं कापड कधी जमीन पुसण्याचं फडकं होतं, कधी खांद्यावरची शाल. बाउश यांच्या १९७५ च्या 'राइट ऑफ स्प्रिंग'मध्ये मातीने भरलेल्या रंगमंचावर लाल कापड हातोहात फिरतं आणि ते कुणाच्या अंगावर चढणार हाच प्रश्न होऊन बसतो. आपल्याकडे केसांची रिबीन आहे: बांधायची, मग दोघींमध्ये ताणून धरायची, मग जमिनीवर राहून गेलेली. शेवटच्या प्रसंगात तिच्याकडे कुणीही बघू नये. प्रेक्षक बघेल.

कपडे साधे, कोपर आणि गुडघे दिसतील असे. दोघींना गडद आणि फिका असे विरोधी रंग दिले तर 'चांगली-वाईट' असा नको तो अर्थ चिकटतो, त्यापेक्षा एकाच रंगाच्या दोन छटा घ्या. प्रकाशात दोनच बदल ठेवा: एक स्तब्धतेच्या वेळी, एक अगदी शेवटी.

चाचणी

प्रयोगाच्या दोन आठवडे आधी ज्यांना विषय ठाऊक नाही असे पाच जण बोलवा. त्यात निदान दोघं नृत्याशी काहीही संबंध नसलेले असावेत. रचना दाखवा आणि 'काय समजलं?' असं विचारू नका. तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो आणि लोक घाबरून 'छान होतं' म्हणतात. विचारा: कोणती हालचाल आठवते? ती कुठे बदलली? पोटात कुठे काही हललं? कुठे कंटाळा आला?

कुणी 'आई आणि मुलगी', कुणी 'मैत्रिणी', कुणी 'कैदी आणि पहारेकरी' म्हणालं तरी चिंता नको. नातं नेमकं कुठलं हे हलू शकतं, पण 'कुणीतरी धरून ठेवत होतं आणि मग सोडलं' एवढं पाचातल्या चौघांना आलं पाहिजे. ते आलं नाही तर चेहऱ्यावर हावभाव वाढवू नका, माहितीपत्रकात कथाही छापू नका. पहिल्या पन्नास सेकंदांकडे परत जा. बहुतेक वेळा तिथेच वेणी घाईत उरकलेली असते, ओढा पुरेसा दिसलेला नसतो, आणि जे नीट शिकवलंच नाही त्याचा बदल प्रेक्षक ओळखणार कसा?

कंटाळा आला असं दोघांनीही एकाच जागी सांगितलं तर तो भाग कापा. नृत्यकार डोरिस हम्फ्री यांनी नृत्यरचनेवरच्या आपल्या पुस्तकात बजावून ठेवलं आहे की सगळीच नृत्यं गरजेपेक्षा लांब असतात. पाच मिनिटांची रचना चार मिनिटं वीस सेकंदांवर आली तरी येऊ द्या. स्तब्धतेचे पंधरा सेकंद मात्र त्यातून काढू नका.